पहिला फोटो ऐबेचा

शोभाताई लांजेवार आमच्या इमारतीत दोन वर्षं आणि चार महिने राहिल्या. तेवढ्या काळात त्यांनी लोकांच्या घरातल्या त्रेसष्ट जुन्या वस्तू फोनवर फोटो काढून विकून दिल्या. हा आकडा अंदाजाचा नाही, मी लिहून ठेवला आहे. त्रेसष्टपैकी सात वस्तू माझ्या घरातल्या होत्या, आणि त्या सातांतल्या पाच मला न विचारता तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या घरी गेल्या होत्या.

दुसऱ्याच्या कामाची नोंद मी कशाला ठेवली, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे. मला त्यांचा हेवा वाटायचा. त्या रायपूरला गेल्या त्याला वर्ष होत आलं, तरी तो पुरता गेलेला नाही.

आमच्या सक्करदऱ्यातल्या सहा इमारतींचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'घरचं सामान' नावाचा. तो मी सुरू केला. मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. नमुना ठरल्याशिवाय माझ्या टेबलावरून कागद पुढे सरकत नाही. ग्रुपलाही मी नमुना घालून दिला होता: वस्तूचं नाव, घेतल्याचं साल, लांबी, रुंदी, उंची, किंमत आणि तीन फोटो. पुढून, बाजूनं, मागून. लोक पाळायचे नाहीत, मी आठवण करून द्यायची. तरी ग्रुप माझा होता. कुणाला सोफा काढायचा असला की आधी माझी बेल वाजायची.

शोभाताई आल्या त्या उन्हाळा संपता संपता. यजमान बँकेत, दर दोन-तीन वर्षांनी बदली. वय माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी कमी, बांधा ठेंगणा, आवाज मोठा, माहेर वर्ध्याकडच्या खेड्यातलं आणि बोलणं अजून तिथलंच. आठव्या दिवशी त्यांची ग्रुपवर पहिली पोस्ट आली. मिक्सर विकायचा होता, पण पहिल्या फोटोत मिक्सर नव्हताच. होती एक भेग. भांड्याच्या झाकणावरची, अगदी जवळून काढलेली, आणि तिच्याकडे दाखवणारं हळदीनं पिवळं झालेलं नख. खाली लिहिलं होतं: 'झाकण इथून तडकलं आहे. चटणी उडत नाही, ताक उडते. मोटर चांगली.' दुसऱ्या फोटोत मिक्सर आणि शेजारी, आकार कळावा म्हणून, स्टीलचा पाण्याचा पेला. वीस मिनिटांत चौथ्या इमारतीतल्या एक बाई येऊन मिक्सर घेऊन गेल्या.

माझा मिक्सर त्याच ग्रुपवर चार दिवसांपासून पडून होता. त्याच कंपनीचा, दोन वर्षांनी नवा, झाकण धड, मापं सेंटिमीटरमध्ये दिलेली. त्या बाई जिन्यात भेटल्या तेव्हा मी विचारलंच.

"तुमचाही पाहिला होता ताई," त्या म्हणाल्या. "पण त्यात काय बिघडलं ते समजेना."

"काहीच बिघडलं नाही त्यात."

"तेच तर. मग कायले विकून राहिल्या, असं वाटलं."

इथून हे सुरू झालं.

महिनाभरात लोक वस्तू घेऊन त्यांच्याकडे जायला लागले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिन्याला एक मोठी खिडकी आहे. सकाळी साडेआठ ते नऊ तिथं उजेड येतो, ऊन येत नाही. शोभाताईंनी हे घर बघायला आल्या त्याच दिवशी हेरलं होतं म्हणे. तिथं त्या एक धुवून धुवून राखाडी झालेली चादर भिंतीवरून खाली जमिनीपर्यंत सोडायच्या. वस्तू चादरीवर ठेवायची, स्वतः समोर फतकल मारून बसायचं, पदरानं फोनची काच पुसायची आणि मगच फोटो. मी डबा घेऊन ऑफिसला निघायचे तेव्हा जिन्यात तीन-चार जण टेबलफॅन, इस्त्री, तिपाई घेऊन उभे असायचे, आणि मला त्यांच्यामधून वाट काढत उतरावं लागायचं.

"उभ्यानं नाई निघत फोटो, काका, खाली बसा. तुम्ही वरून पाहाल तर ते बिचारं बुटकं दिसन." किंवा: "फ्लॅश नोको. तोंडावर पाणी मारल्यावानी दिसते." किंवा: "काच पुसा वं आधी. आपले हात सदा तेलाचे."

त्यांचा फोन जुना होता, कोपऱ्यात तडकलेला, चष्म्याच्या डबीत ठेवलेला. माझा नवा होता. माझे यजमान सुधीर एकदा जेवताना म्हणाले, "तुझ्या फोनला तीन डोळे आहेत, त्यांच्याला एकच. तरी त्यांना जास्त दिसतं." मी त्यांना दुसरी पोळी वाढली नाही.

फोटो काढायच्या आधी शोभाताई दोन प्रश्न विचारायच्या. याचं काय बिघडलं, आणि काहून विकता. दोन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय फोन डबीतून बाहेर निघायचा नाही. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर घार्डे काका भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले होते. मी त्या दिवशी रजेवर होते, जिन्यात कुंड्यांना पाणी घालत होते, त्यामुळे हे सगळं ऐकलं.

"काही बिघाड नाही," काका म्हणाले. "टाइम मिनिटाला मिनिट."

"मंग काहून विकता?"

"नवीन घेतलं."

"नवीन काहून घेतलं?"

काकांनी जिन्यातून खाली पाहून घेतलं. मग म्हणाले, "याचा ठोका फार मोठा पडतो. बायको दचकते."

"हे सांगा ना बाप्पा. हे त लिहाचं असते."

पोस्ट अशी आली: 'ठोका मोठा पडतो. ज्यांच्या घरी कमी ऐकू येते त्यांच्यासाठी चांगलं.' संध्याकाळी एक आजोबा मुलाला घेऊन आले, घड्याळ कानाशी धरलं, समाधानानं मान हलवली आणि घेऊन गेले.

ही ऐब, म्हणजे वस्तूतली खोट, आधी दाखवायची रीत त्यांना गोंदियात सुचली होती. बदली झाली की अर्धं घर विकायचं आणि नव्या गावात अर्धं घर जुनंच घ्यायचं, हा त्यांचा रिवाज. तिथं फोटो बघून फ्रीज घेतला. फोटोत पुढून आरशासारखा. घरी आल्यावर मागून पत्रा गंजून चाळणी झालेला. "पैसे गेले थे गेले," त्या सांगायच्या, "पण तो माणूस मले चांगला वाटला होता ना. तवापासून मी मागूनच सुरू करते." विकत घेणाऱ्याला ऐब शेवटी सापडली की तो भांडतो, आधी सापडली की तोच आपल्याला समजावतो की एवढं काही नाही हो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं निघायचं, हीच माझी अडचण होती.

सुधीरच्या व्यायामाच्या सायकलची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती आमच्या गॅलरीत होती. मी तिचे फोटो काढून दोनदा टाकले होते, सगळं नमुन्याप्रमाणे, आणि दोन्ही वेळा कुणी विचारलं नव्हतं. एके दिवशी मी ऑफिसात असताना सुधीरनी शोभाताईंना वर बोलावलं. दुपारी मधल्या सुट्टीत मी ग्रुप उघडला तर आमची गॅलरी, आमची सायकल, तिच्या हॅंडलवर माझा निळ्या पट्ट्यांचा टॉवेल, सीटवर सुधीरचा बनियन. खाली: 'व्यायामाची सायकल. दोन वर्षं कपडे वाळवले. पायडल एकदम नवीन.'

सहा इमारती हसल्या. अठ्ठावीस लोकांनी हसण्याची चित्रं टाकली. सायकल तासाभरात गेली, आणि घेणारा सुधीरला म्हणाला, "आमच्याकडे पण कपडेच वाळतील साहेब, दोर तुटला आहे."

मी घरी येऊन विचारलं, "टॉवेल काढता नाही आला?"

"मी काढत होतो," सुधीर म्हणाले. "त्याच म्हणाल्या राहू द्या."

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी ग्रुपवर नवा नियम टाकला: पहिला फोटो पूर्ण वस्तूचाच असावा. कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळलं असणार. शोभाताई संध्याकाळी वाटीत आंबाडीची भाजी घेऊन दारात आल्या. मी मनातल्या मनात चार मुद्दे तयार ठेवले होते.

"नियम बराबर हाय तुमचा, ताई," त्या म्हणाल्या. "पुरी वस्तू दिसली पाहिजे. मले नाई सुचलं."

त्यानंतरच्या त्यांच्या पहिल्या फोटोत पूर्ण कपाट होतं, आणि कपाटाशेजारी खुद्द शोभाताई उकिडव्या बसून खालच्या वाकलेल्या बिजागरीकडे बोट दाखवत होत्या. तोही फोटो लोकांना आवडला. पुढं पुढं तर कोणत्या फोटोत त्यांनी कोणती साडी नेसली आहे यावरही बायका बोलायला लागल्या. माझ्या चार मुद्द्यांचा काही उपयोग झाला नाही. भाजी मात्र चांगली होती, आणि तेही मला आवडलं नाही.

मग मी त्यांची रीत शिकायचं ठरवलं, अर्थात त्यांना न कळता. वहीत अकरा कलमं उतरवली. काच पुसणे, चादर, खिडकी, खाली बसणे, पेला, ऐब, सगळं. एका रविवारी त्या बाहेरगावी गेल्याचं बघून माझी चादर, माझी लाकडी खुर्ची आणि माझा पेला घेऊन जिन्यात गेले. पेला सीटवर मधोमध ठेवला. खाली बसले, गुडघे दुखले, नऊ फोटो काढले, त्यातला बरा निवडून टाकला. पहिला अभिप्राय चौथ्या इमारतीतल्या त्याच बाईंचा आला: 'ताई, खुर्ची विकून राहिल्या का पेला?'

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच वर्षी आईच्या मशीनचा प्रश्न आला.

आई इतवारीत राहायची, एका कापड दुकानाच्या वर, भाड्याच्या दोन खोल्यांत. वडील गेल्यावरही ती तिथून हलली नव्हती. तिच्याकडे विणकामाचं मशीन होतं: लांब पट्टीवर ओळीनं सुया, आणि त्यांच्यावरून इस्त्रीसारखा हातानं सरकवायचा घोडा. त्याच्यावर तिनं शाळेचे स्वेटर विणून खालच्या ठोक व्यापाऱ्यांना दिले आणि मला आणि भावाला शिकवलं. सहा वर्षांपूर्वी मनगटं दुखायला लागली, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि मशीन थांबलं. आता घरमालकाला त्या खोल्या गोदामासाठी हव्या होत्या. दसऱ्याच्या आत रिकाम्या करायच्या असं ठरलं. भाऊ परदेशी, आई माझ्याकडे येणार हे उघड होतं. मी एकेचाळीस कलमांची यादी केली. पलंग, औषधं, गॅसचं कार्ड, रेशन कार्डावरचा पत्ता. चाळीस कलमांवर खूण झाली. एकेचाळिसावं मशीन. ते टेबलासकट साडेचार फूट होतं आणि माझ्या घरात त्याला भिंत नव्हती.

आईची एकच अट होती. "चालवणाऱ्याच्या घरी गेलं की मी येते. भंगारात जाणार असेल तर मी इथंच बरी."

"इथं गोदाम होणार आहे, आई."

"मग गोदामात राहीन."

ती हे चिडून म्हणाली नव्हती, म्हणून मला जास्त काळजी वाटली.

एका रविवारी मी जाऊन मशीनचे फोटो काढले. आधी ते नीट केलं. सुयांना तेल दिलं, धूळ काढली. सुयांवर बाटलीहिरव्या लोकरीचा एक अर्धवट तुकडा लटकत होता. तो काढला, उसवला, गुंडा केला आणि 'लोकर' असं लिहिलेल्या पिशवीत ठेवला. घोडा खोक्यात घातला, मशीन झाकणात बंद केलं आणि पुढून, बाजूनं, मागून तीन फोटो काढले. 'सुस्थितीत' असं लिहिलं. ग्रुपवर टाकलं आणि जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवरही टाकलं.

पहिल्या आठवड्यात तीन फोन आले. एकानं विचारलं, हार्मोनियम आहे का. दुसऱ्यानं विचारलं, नुसती पेटी देता का. तिसरा भंगारवाला होता आणि फक्त त्यालाच ते मशीन आहे हे ओळखू आलं.

दसऱ्याला सोळा दिवस राहिले. आई फोनवर रोज विचारायची, "आलं का कुणी?" मी म्हणायचे, "येतील."

"शोभाताईंना सांग ना," सुधीर म्हणाले.

"नाही."

"का?"

"त्यांना विणकामातलं काही कळत नाही."

"घड्याळातलं तरी कुठं कळत होतं?"

मी सांगितलं नाही. आईनं सांगितलं. आमच्याकडच्या हळदीकुंकवाला दोघींची ओळख झाली होती आणि आईकडे त्यांचा नंबर होता, हे मला माहीत नव्हतं. शनिवारी मी पुठ्ठ्याचे खोके घेऊन इतवारीत पोचले, जिना चढून वर गेले, तर शोभाताई जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, हातात आईचा चहा, आणि आई कशावर तरी हसत होती. माझ्यासमोर ती असं हसून बराच काळ झाला होता. निदान माझ्या लक्षात राहावं असं हसून तरी.

"या ताई," शोभाताई म्हणाल्या, जणू घर त्यांचं. "मी मावशीले म्हणत होती, पेटी उघडू."

मशीन गॅलरीच्या दाराशी ओढलं. खाली गल्लीत टेम्पो आणि हातगाड्यांचा गोंधळ, वर शांत पांढरा उजेड. राखाडी चादर त्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. काच पुसली. मग त्यांचे ते दोन प्रश्न.

"मावशी, याचं काय बिघडलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "सुस्थितीत..."

"तीन सुया वाकल्यात," आई म्हणाली. "अठरावी, एकोणिसावी आणि चोविसावी."

"आणि काहून विकता?"

"अलकाकडे जायचं आहे. तिच्याकडे याला जागा नाही."

हे खरं होतं. तरी ऐकायला वेगळं वाटलं.

शोभाताई सुयांवरून बोट फिरवत होत्या. "यावर काही लावलेलं नव्हतं का मावशी? रिकामंच ठेवत होत्या का?"

"होती एक बाही. अर्धी." आई म्हणाली. "हात थांबले तेव्हाची. सहा वर्षं होती. परवा अलकानं काढली."

ती दूध आलं की नाही हे सांगावं तशा आवाजात म्हणाली. त्या रविवारी मी बाही उसवत असताना ती समोरच पलंगावर बसली होती. मी खोलीभर लोकर ओढत होते आणि ती बघत होती.

"मला वाटलं विकायचंच आहे तर..." मी म्हटलं.

"काढली त काढली," शोभाताई म्हणाल्या. "पुन्हा लावू. लोकर हाय ना?"

लोकर मला दहा सेकंदांत सापडली. सात नंबरचा खोका, वरून दुसरी पिशवी. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं काम तेवढंच.

आईनं चष्मा वर सरकवला आणि टाके घातले. पहिल्यांदा बोटं अडखळली, मग नाही. घोडा उजवीकडे, घोडा डावीकडे, आणि तो करकर आवाज. त्या आवाजात मी बारावीपर्यंतचा अभ्यास केला आहे. वीतभर कापड खाली उतरलं. वाकलेल्या सुयांवर टाका धरत नव्हता, तिथं कापडात वरपासून खालपर्यंत उभ्या शिड्या पडत होत्या.

"आई, बाजूच्या चांगल्या सुयांवर घे ना," मी म्हटलं. "हे फोटोत वाईट दिसेल."

"नाई ताई, वाकड्यावरच येऊ द्या." शोभाताई खाली बसल्या, पार वाकून सुयांच्या उंचीला आल्या. "मावशी, बोट लावा शिडीवर. हं. विणताना बोलत राहा, थांबू नका. मशीन गेल्यावर हे हात काय करतीन तुमचे?"

आईचे हात थांबले नाहीत. "तेच मला समजत नाही," ती म्हणाली. "अलका मला काही करू द्यायची नाही. तिच्याकडे सगळं झालेलं असतं."

मी खोक्यांवर चिकटपट्टी लावत होते. ती लावत राहिले. माझ्या एकेचाळीस कलमांत आई माझ्या घरी दिवसभर काय करेल हे कलम नव्हतं, आणि एका परक्या बाईनं ते फोटो काढता काढता विचारलं होतं.

पहिला फोटो शिड्यांचाच गेला, वर आईचं बोट. 'तीन सुया वाकल्या आहेत म्हणून इथं शिडी पडते. बाकी मशीन चालते. चालवणाऱ्यालाच द्यायचं आहे.' दुसऱ्या दिवशी सकाळी जरीपटक्याहून कविता नावाच्या बाईंचा फोन आला. घरी लहान मुलांचे स्वेटर-टोपरी करून विकायच्या, एक मशीन होतं, दुसरं शोधत होत्या. "तीन ही सुई है ना? मेरे पास पड़ी हैं. मैं शाम को आती हूँ." ज्याला विणता येतं त्याला त्या शिड्या बघून कळलं होतं की दोष केवढा आहे आणि बाकीचं मशीन किती ठणठणीत आहे. मी लपवला असता तर कळलं नसतं. मी लपवलाच होता.

कविता आल्या त्या कागदाच्या पुडीत सुया घेऊनच. बसल्या, वाकड्या काढल्या, नव्या बसवल्या, घोडा फिरवला. शिड्या बंद. आई त्यांच्या मनगटाकडे बघत होती, आमच्याकडे परीक्षेला बाहेरचे परीक्षक बघतात तशी.

"गळा घालता येतो?" आईनं विचारलं.

"वही नहीं आता, आंटी. गला मैं बाहर से करवाती हूँ."

"मंग मावशी शिकवतीन ना," शोभाताई लगेच म्हणाल्या. "दर गुरुवारी. माही नणंद तिकडेच राहते, माहं जाणं असतेच. मी आणून सोडीन."

मला वाटलं आई माझ्याकडे बघेल. एवढ्या लांब, या वयात, काय म्हणतेस अलके, असं काही विचारेल. तिनं विचारलं, "गुरुवारी किती वाजता?"

मशीन सोमवारी गेलं. आई मंगळवारी माझ्याकडे आली. एकेचाळिसाव्या कलमावर मी खूण केली, पण ती खूण माझी नव्हती.

त्यानंतर जेवताना आमच्याकडे 'शोभा म्हणते' सुरू झालं. शोभा म्हणते, वरणात हिंग आधी घालायचा. शोभा म्हणते, अलकाचा पडदा एक दिवस काढून बघा, किती उजेड येईल. मी पडदा काढला. उजेड आला. आई खुर्ची ओढून तिथं बसायला लागली, आणि बुधवारी संध्याकाळपासून उद्याची तयारी करायची: लोकरीचे नमुने, चष्मा, गळ्याचं माप कागदावर काढून. गुरुवारी मी ऑफिसातून यायचे तेव्हा ती आलेली असायची, चेहरा वाऱ्यानं लाल. "काय झालं आज?" मी विचारायचे. "काही नाही, शिकवलं," ती म्हणायची, आणि थोड्या वेळानं शोभाताई खालून हाक मारायच्या तेव्हा दारात उभी राहून अर्धा तास तेच सगळं तपशिलात बोलायची.

मग रायपूरची बदली आली. शोभाताईंनी अर्धं घर विकलं, सगळ्या वस्तूंची ऐब आधी दाखवून. निघायचा दिवस शनिवार ठरला. म्हणजे एकच गुरुवार राहिला होता, आणि त्यानंतरच्या गुरुवारांचं काय हा प्रश्न होता. त्याचं उत्तर मी काढून ठेवलं होतं. माझ्याकडेही स्कूटर आहे. आई तिच्यावर कधी बसलेली नाही. मला भीती वाटते, ऑटो कर, असं म्हणायची. पण आता शोभाताईंच्या स्कूटरवर जाऊन जाऊन तिला सवय झाली होती. मी ठरवलं की या गुरुवारीच मी तिला न्यायचं, रस्ता बघून घ्यायचा, कविताशी वेळ बोलून ठेवायची. तिच्या मापाचं हलकं हेल्मेट आणलं. सकाळी आंघोळ उरकून ते घेऊन बाहेरच्या खोलीत आले तर आई नव्हती.

गॅलरीतून पाहिलं. खाली फाटकाशी शोभाताईंची स्कूटर सुरू होती. आई मागे एका बाजूला पाय घेऊन बसत होती, डोक्यावर शोभाताईंच्या यजमानांचं मोठं काळं हेल्मेट, मांडीवर लोकरीची पिशवी.

"बसल्या का मावशी?"

"चल."

आईनं एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. स्कूटर हलली तशी ती पुढं झुकली आणि बोलायला लागली. शोभाताई मान थोडी मागे वळवून ऐकत होत्या, हो हो करत होत्या. तलावाकडच्या वळणावर भाजीची हातगाडी आडवी आली, तिथं त्या थांबल्या, आणि गाडी बाजूला होईपर्यंत आई बोलतच होती, मोकळ्या हातानं हवेत काहीतरी दाखवत. काय दाखवत होती ते वरून कळलं नाही. मग त्या वळल्या.

मी त्या दिवसाची रजा टाकली होती. ते दोघींनाही माहीत नव्हतं, आणि मी नंतरही सांगितलं नाही.